ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिनमधल्या तीन जर्मन शेतवाड्या: काय बघावे, काय विचारावे

शिकागो-मिलवॉकीकडे पाहुणे आले की विस्कॉन्सिन डेल्स आणि लेक जिनिव्हाच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. त्याच टापूत, ईगल नावाच्या छोट्या गावाजवळ हायवे 67 वर, ‘ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिन’ हे खुले संग्रहालय आहे. विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीने ते 1976 साली सुरू केले. राज्यभरातली जुनी घरे, गोठे, कोठारे, शाळा, दुकाने सुटी करून, वासान्‌वासा मोजून-मापून इथे आणली आणि पुन्हा उभी केली. अशा 60 हून जास्त वास्तू शेकडो एकर रानात विखुरल्या आहेत. मिलवॉकीचे वास्तुरचनाकार रिचर्ड पेरिन यांनी या कल्पनेचा बरीच वर्षे पाठपुरावा केला. जुनी जर्मन घरे जागच्या जागी कोसळत होती आणि ती वाचवायचा दुसरा मार्ग उरला नव्हता.

हे परीक्षण फक्त जर्मन भागाचे आहे. नॉर्वेजियन, डॅनिश, फिनिश वस्त्या आणि क्रॉसरोड्स व्हिलेज हे गाव चांगलेच आहे, पण सगळे एका दिवसात उरकायला गेलात तर संध्याकाळी ‘एका घरात चूल होती, दुसऱ्यात पण होती’ एवढेच लक्षात राहील. जर्मन भागात तीन शेतवाड्या आहेत: शुल्झ, शॉटलर आणि कोपसेल. शुल्झ वाडी 1860 सालची, शॉटलर 1875 ची, कोपसेल 1880 ची म्हणून मांडलेली आहे. ज्या त्या सालानंतरची वस्तू त्या घरात ठेवायची नाही, हा इथला नियम. म्हणून वाटेत जी आधी लागेल ती आधी असे न करता याच क्रमाने बघा. पाय दुखतील, पण हाताने काय करावे लागे आणि वीस वर्षांत त्यातले काय काय रोख पैशाने विकत यायला लागले, हे आपोआप दिसत जाते. जर्मन शेतकऱ्याचे अमेरिकेतले आयुष्य समजून घ्यायचे तर यापेक्षा सोपी वाट नाही.

आत शिरण्याआधी थोडी पूर्वपीठिका हवी, नाहीतर ही माणसे इतक्या लांब का आली हा प्रश्न डोक्यात राहतो. शुल्झ आणि कोपसेल ही दोन्ही कुटुंबे पोमेरेनियातली, म्हणजे बाल्टिक समुद्राकाठच्या प्रशियन प्रांतातली. आज त्याचा बराचसा भाग पोलंडमध्ये आहे. तिथे जमीन मोठ्या जमीनदारांची. खालच्या माणसाने आयुष्यभर राबून स्वतःचे शेत होईल याची खात्री नव्हती. त्यात प्रशियाच्या राजाने लुथरन आणि रिफॉर्म्ड ही दोन प्रोटेस्टंट चर्चे एकत्र करायचा घाट घातला. ज्यांना ते मान्य नव्हते अशा जुन्या वळणाच्या लुथरन लोकांचा मोठा जथा 1839 मध्ये मिलवॉकीला उतरला आणि त्यातल्या अनेकांनी जवळच फ्राइस्टाट हे गाव वसवले. त्यांची पत्रे घरी गेली आणि पुढची माणसे त्या पत्रांच्या भरवशावर निघाली. शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडायला सहा ते आठ आठवडे, मग एरी कालवा आणि सरोवरांतून मिलवॉकी. सरकारी जमिनीचा दर एकरी सव्वा डॉलर होता आणि कमीत कमी 40 एकर घेता येत, म्हणजे 50 डॉलरमध्ये माणूस जमीनमालक होई. विस्कॉन्सिन 1848 मध्ये राज्य झाले आणि 1852 मध्ये त्याने न्यूयॉर्क बंदरात स्वतःचा अधिकारी बसवून जर्मन भाषेत पत्रके वाटायला सुरुवात केली. 1900 पर्यंत या राज्यातला साधारण दर तिसरा माणूस जर्मन घरातला होता.

शुल्झ वाडीला सगळ्यात जास्त वेळ द्या. दीड तास गेला तरी चालेल. घर 1856 चे, मूळचे डॉज काउंटीतल्या हर्मन भागातले. बाहेरून पांढऱ्या भिंतींवर काळपट लाकडी चौकटी दिसतात. फोटो सगळे याचेच काढतात, पण खरे बघण्यासारखे आहे ते भिंतीचे पोट. ओकचे खांब आणि तुळया खाचा-कुसू करून लाकडी खुंट्यांनी जोडायच्या. वजन पेलायला लोखंडी खिळ्याचा उपयोग नाही. मग दोन खांबांच्या मधल्या चौकोनात फळ्यांचे दांडे खाचेत अडकवायचे आणि गवताचा पेंढा मातीत कालवून त्यांच्याभोवती थापायचा, वरून चुन्याचा हात. कोकणातल्या कुडाच्या भिंतीशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की इथे सांगाडा सुतारकामाचा आणि भरपूर जाडीचा. या भिंतीची दोन दुखणी असतात. ओलसर लाकूड वापरले तर ते सुकताना आकसते आणि माती व लाकूड यांच्यात बोटभर फट पडते. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात त्या फटीतून वारा थेट आत. दुसरे म्हणजे पाऊस तिरका लागला की माती धुपते. म्हणूनच अशी कितीतरी घरे पुढे बाहेरून फळ्या ठोकून झाकली गेली आणि आत काय आहे हे लोक विसरले. खांबांच्या सांध्यांवर सुताराने कोरलेल्या खुणा दिसतात का बघा. जमिनीवर आडवा पाडून जुळवलेला सांगाडा उभा करताना कुठला तुकडा कुठल्या खाचेत हे कळावे म्हणून त्या करत.

या घराच्या मधोमध ‘काळे स्वयंपाकघर’ आहे आणि ते पाहण्यासाठीच इथे यावे. विटा-मातीची एक खोली, आत जाता येईल एवढी, आणि तिच्या भिंती वर निमुळत्या होत होत धुरांडेच होतात. म्हणजे तुम्ही धुरांड्याच्या बुडाशी उभे राहून स्वयंपाक करता. बाहेरच्या भिंतीला न लागल्यामुळे खिडकी नसते. उजेड दारांतून आणि जाळातून येईल तेवढाच. जाळ उंच ओट्यावर असतो, त्यावर तिवईची भांडी ठेवायची किंवा आकड्याला किटली लटकवायची. धूर वर जातो, पण सगळाच जात नाही. भिंती काजळीने चकाकतात ती काजळी कित्येक थरांची असते.

अशी गैरसोयीची रचना कशासाठी? मधोमध एकच जाळ ठेवला की आजूबाजूच्या खोल्यांना ऊब मिळते, धुरांडे एकच बांधावे लागते आणि ते घराच्या पोटात असल्यामुळे गार पडून भेगाळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, वरच्या पोकळीत मांस धुरवता येते. स्वयंपाकाचा धूर वाया जात नाही. डुकराच्या मांड्या आणि सॉसेजच्या माळा आधी मिठात मुरवून मग तिथे आडव्या काठ्यांना टांगतात. मांड्या कित्येक आठवडे मिठात राहतात. इथे चुका नेमक्या कुठे होतात हे माहितगाराकडून ऐकावे. टांगलेले मांस जाळाच्या फार जवळ आले आणि हवा 30 अंश सेल्सियसच्या बरीच वर गेली तर चरबी वितळून टपकायला लागते आणि सॉसेज आतून कोरडे, भुसभुशीत होते. ओले लाकूड घातले तर धूर जड होतो, काजळी मांसावर चिकटते आणि चव कडू लागते. पाइन तर नकोच, त्यातल्या राळेने सगळे काळे पडते. मेपल, हिकरी, ओक, सफरचंद ही वाळलेली कठीण लाकडे चालतात. कत्तलीचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबर हा, कारण त्या थंडीत मांस मिठात मुरेपर्यंत टिकते. गरम दिवस मध्येच आला तर हाडाजवळचा भाग आतून सडतो आणि बाहेरून कळतही नाही. मांडीत हाडाच्या कडेने सुई खुपसून वास घ्यायचा, ही त्यावरची परीक्षा. शाकाहारी वाचकांनी इथे नाक मुरडायचे कारण नाही. हिवाळ्यात चार-पाच महिने बर्फ असलेल्या मुलखात हाच वर्षाचा साठा होता.

चूल पेटलेली नसेल तर ही खोली म्हणजे नुसती अंधारी कोठडी वाटते आणि बरेच लोक दारातून डोकावून पुढे जातात. म्हणून आल्या आल्या चौकशी करा की शुल्झकडे जाळ कधी पेटणार आहे, आणि दिवसाची आखणी त्यावर करा. आत ओल्या डोळ्यांनी दोन मिनिटे उभे राहिल्याशिवाय या घराचे मर्म कळत नाही. दमा असलेल्यांनी मात्र दारातूनच बघावे.

शुल्झ वाडीची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जवस. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात जवस रब्बीत घेतात, तेलासाठी आणि चटणीसाठी. झाड तेच, पण आपला वाण ठेंगणा आणि फांद्या फुटणारा, कारण आपल्याला बोंडे हवीत. या लोकांना हवा होता धागा. म्हणून बी इतके दाट फेकायचे की रोपाला फांदी काढायला जागाच मिळू नये. उजेडासाठी झगडत ते तीन फुटांपर्यंत सरळ वाढते. पेरणी वसंतात, साधारण 90 ते 100 दिवसांत खालचा तिसरा हिस्सा पिवळा पडला की पीक काढायचे. कापायचे नाही, मुळासकट उपटायचे, कारण धागा मुळापर्यंत जातो आणि विळा लावला की तेवढी लांबी गेली.

पुढचे काम सुरू होते ते बोंडे ओरबाडून काढण्यापासून. मग कुजवण. ताग किंवा अंबाडी कुजवताना पाहिलेल्यांना वास आठवेल. काडी गवतावर पसरून दवात ठेवली तर दोन ते सहा आठवडे, तळ्यात बुडवली तर एक-दोन आठवडे, पाणी किती कोमट आहे त्यावर. इथेच सगळ्यात जास्त माल वाया जाई. कमी कुजले तर आतला लाकडी गाभा धाग्याला सोडत नाही आणि पुढे कितीही झोडला तरी कचरा राहतो. जास्त कुजले तर धागाच मऊ पडून तुटतो, आणि तो काही परत येत नाही. म्हणून रोज काडी घेऊन बोटांत मोडून बघायची: गाभा कडकन तुटला आणि धागा अख्खा सुटून आला की त्याच दिवशी उचलायचे. दवात पसरलेली काडी मधून मधून उलटली नाही तर खालची बाजू सडते आणि वरची कच्ची राहते.

वाळल्यावर ती लाकडी जबड्यात चिरडायची. त्यात गाभ्याचे तुकडे होतात. मग उभ्या फळीवर धरून लाकडी पात्याने फटकारे मारायचे, भुसा खाली पडतो. शेवटी खिळ्यांच्या फणीतून ओढायचे, आधी विरळ खिळ्यांच्या, मग दाट खिळ्यांच्या. फणीत अडकून राहते ते आखूड, गुंतलेले तूस. त्याच्या गोण्या आणि दोर. हातात राहते ते लांब, मऊ, राखाडी-सोनेरी धाग्यांचे झुपके. त्याचे सदरे आणि चादरी. प्रात्यक्षिक करणारी व्यक्ती हातात जुडी देत असेल तर ओढून बघा, मुठीएवढ्या काडीतून वेणीच्या शेपटाएवढाच धागा निघतो. कातताना बोटे पाण्यात बुडवत राहायची, नाहीतर सूत केसाळ येते. एका सदऱ्यासाठी किती महिने लागतात हे हातात धरल्यावर कळते. आणि मग पुढच्या दोन्ही वाड्यांत घरच्या धाग्याऐवजी दुकानातले कापड का आले, हे कोणी सांगावे लागत नाही.

कोठाराकडे वळा. मधली खळ्याची जागा, दोन्ही बाजूंना पेंढ्या रचायची जागा. 1860 च्या आसपास लहान शेतकरी अजून दांडक्याने झोडपून मळणी करत. दिवसभर झोडपून एका माणसाचे सात-आठ बुशेल गहू निघत, म्हणजे साधारण 200 किलो. ते काम हिवाळ्यासाठी राखून ठेवता येई, पण कापणी राखून ठेवता येत नाही. गहू पिकला की आठ-दहा दिवसांत दाणे झडायला लागतात. विळ्याने एक माणूस दिवसाला जेमतेम अर्धा एकर कापतो. लाकडी बोटे जोडलेल्या लांब कोयत्याने दोन एकर. म्हणजे घरात दोन कापणारे असतील तर पंचवीस-तीस एकरांपेक्षा जास्त गहू पेरणे शहाणपणाचे नव्हते, जमीन 80 एकर असली तरी. मॅककॉर्मिकचे कापणीयंत्र दिवसाला दहा-बारा एकर कापू लागले आणि रसीनच्या जे. आय. केस कंपनीची मळणीयंत्रे गावोगाव फिरू लागली तेव्हा ही मर्यादा तुटली. 1860 च्या सुमारास गहू पिकवण्यात विस्कॉन्सिन देशातल्या आघाडीच्या राज्यांत होते. इथे जो कोणी कोठार दाखवत असेल त्याला ‘किती एकर पेरत होते आणि का तेवढेच’ एवढे विचारा. चांगले उत्तर मिळाले तर तिकीट वसूल.

शॉटलर वाडीवर अर्धा-पाऊण तास पुरे. घर 1847 चे, वॉशिंग्टन काउंटीतल्या जर्मनटाउन भागातले, ख्रिश्चन टर्क याने बांधलेले. इथे चौकटी नाहीत. तासलेले ओंडके आडवे एकावर एक ठेवून कोपऱ्यांत खाचा घालून अडकवलेले. 1875 मधले घर म्हणून मांडलेले असल्यामुळे काळे स्वयंपाकघर गेले आणि लोखंडी चूल आली. तिला लाकूड कमी लागते, धूर नळीतून बाहेर जातो आणि बाईला उभ्याने काम करता येते. पण मांस धुरवायला आता वेगळी कोठी हवी आणि पाव भाजायला वेगळी भट्टी. एक सोय घेतली की दुसरी वेगळी बांधावी लागते.

भट्टीचा दिवस असेल तर थांबा. आत लाकूड दोन-तीन तास जाळायचे, निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि मूठभर पीठ टाकून बघायचे. पीठ हळूहळू तांबूस झाले तर भट्टी तयार. टाकताक्षणी काळे पडले तर दार उघडे ठेवून वाट बघायची. घाई केली तर रायच्या (राय म्हणजे गव्हासारखेच थंड मुलखातले एक धान्य) पावाची कडा जळते आणि आत चिकट राहतो. रायचे पीठ गव्हासारखे ताणत नाही, म्हणून आंबट विरजणाशिवाय तो पाव नीट होत नाही. मागच्या खेपेचा गोळा ठेवून त्यावर पुढची खेप, आपल्याकडचे दह्याचे विरजण जसे घरातून घरात जाते तसेच. मोठे पाव तास-सव्वा तास घेतात आणि पंधरवडाभर टिकतात.

परसबाग इथे आणि कोपसेलकडे दोन्हीकडे बघण्याजोगी. कोबी, सलगम, बटाटे, कांदे, बीट आणि नवलकोल. कोबीचा बराच भाग पिंपात जाई. बारीक चिरायचा, वजनाच्या दोन-सव्वादोन टक्के मीठ, म्हणजे दहा किलोला 200 ते 225 ग्रॅम, आणि पाणी सुटेपर्यंत लाकडी मुसळाने दाबायचा. वर फळी आणि दगड. कोबी पाण्याच्या वर आला की बुरशी धरते, हे एकच कारण नव्वद टक्के वेळा असते. तळघराचे 15 ते 20 अंशांचे तापमान चांगले, चार ते सहा आठवड्यांत तयार. जास्त गरम जागेत लवकर आंबट होतो पण मऊ पडतो. मीठ कमी पडले तरी तेच होते. लोखंडी भांडे लावू नका, काळा पडतो.

कोपसेल घर फ्रीड्रिश कोपसेल या सुताराने स्वतःसाठी बांधलेले, 1850 च्या दशकाच्या शेवटी, वॉशिंग्टन काउंटीतल्या जॅक्सन भागात. सुताराचे घर असल्याचे लपत नाही. चौकटींची मापे सारखी, सांधे घट्ट, आणि मधले चौकोन मातीऐवजी विटांनी भरलेले. वीट इथे वजन पेलत नाही, फक्त पोकळी भरते. शुल्झच्या मातीच्या भिंतीवरून थेट इथे आलात तर फरक डोळ्यांत भरतो.

1880 मधल्या या वाडीवर गव्हाचे राज्य ओसरत आलेले होते. एकच पीक वर्षानुवर्षे घेऊन जमीन दमली. चिंच बग नावाच्या रस शोषणाऱ्या किड्याने 1860 आणि 70 च्या दशकांत शेतेच्या शेते वाळवली. त्यात मिनेसोटा आणि डकोटातला ताजा, स्वस्त गहू रेल्वेने यायला लागला. ज्यांचे गोठे आधीपासून व्यवस्थित होते आणि जे शेणखत जमिनीला परत देत होते, त्यांना दुधाकडे वळणे सोपे गेले. 1872 मध्ये वॉटरटाउनला विस्कॉन्सिन डेअरीमेन्स असोसिएशन स्थापन झाली. विल्यम डेम्प्स्टर होर्ड हे त्यातले पुढारी; थंड डब्यांतून चीज न्यूयॉर्कला नेण्याचा पाउंडामागे एक सेंटचा दर त्यांनीच रेल्वेकडून मिळवला. घरचे लोणी आणि अंडी हे तोवर बाईच्या हातातले पैसे होते. दुकानदाराकडे त्यावर साखर, कॉफी, कापड येई. इथे घुसळण चालू असेल तर बघा. उभे पिंप, दांड्याची रवी वर-खाली. साय 15 ते 17 अंशांवर असली तर अर्ध्या-पाऊण तासात लोणी येते. जास्त गरम असेल तर लोणी तेलकट येते आणि ताकात बरेच निघून जाते. फार थंड असेल तर नुसता फेस. लोणी गार पाण्यात धुऊन ताकाचा शेवटचा थेंब काढला नाही तर आठवड्यात खवट होते, मग कितीही मीठ घाला. वीस लिटर दुधाला किलोच्या आसपास लोणी धरा.

आता तक्रारी. या वाड्या खऱ्या असत त्यापेक्षा फार नेटक्या दिसतात. 1860 च्या शेतात तोडलेल्या झाडांचे खुंट असत. कठीण लाकडाचे खुंट कुजायला आठ-दहा वर्षे लागत आणि तोवर त्यांच्यामधून कुदळीने पेरणी. झाडे जाळून उरलेली राख पोटॅश या क्षारासाठी विकून पहिले रोख पैसे येत. जर्मनांनी मोकळे माळरान सोडून जंगल का घेतले याचे निम्मे उत्तर त्यात आहे आणि निम्मे मिलवॉकीच्या बाजाराच्या अंतरात. इथल्या हिरवळीवरून हे कळत नाही, डोळे मिटून कल्पना करावी लागते. दुसरे, टिकली ती घरे यशस्वी माणसांची. ज्यांचे कर्ज फिटले नाही, जे मधल्या काळात जमीन विकून मिलवॉकीच्या कारखान्यात किंवा पश्चिमेला गेले, त्यांचे घर कुठल्याच संग्रहालयात येत नाही. आणि ती सव्वा डॉलरची जमीन सरकारकडे आली होती मिनॉमिनी आणि पॉटवाटॉमी या मूळनिवासी लोकांशी 1830 च्या दशकात केलेल्या करारांतून. 1833 चा शिकागो करार त्यातलाच. हा विषय शेतवाडीवर उभे असताना कोणी आपणहून काढेलच असे नाही, म्हणून विचारा. शिवाय घरे मूळ जागेवरून हलवलेली आहेत. इथली जमीन हिमनदीने टाकलेल्या दगड-गोट्यांच्या टेकड्यांची. मूळ गावांतली शेतजमीन वेगळी. घर खरे आहे, शेत नाही, हे ध्यानात ठेवून बघा.

जाण्याबद्दल. शिकागोहून साधारण दोन तास, मिलवॉकीहून तासाच्या आत, मॅडिसनहून तासभर किंवा थोडे जास्त. हंगाम ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर; वार आणि वेळा दरवर्षी बदलतात, निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या आणि त्याच वेळी त्या दिवशी जर्मन भागात काय चालणार आहे तेही. शाळांच्या सहली मे-जूनमध्ये गर्दी करतात. कामे भरपूर दिसायची तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर उत्तम. जुलैच्या दुपारी शुल्झच्या चुलीशेजारी उभे राहणे ही शिक्षा आहे.

चालणे बरेच आहे आणि वाटा खडीच्या, म्हणून सपाट चपला नकोत. बाबागाडी चालते, पण घरांच्या उंबऱ्यांवर उचलावी लागते. ज्येष्ठांसाठी फिरत्या वाहनाची सोय आहे का, ते तिकीट घेतानाच विचारा. रानात गोचिडी असतात: पूर्ण पॅन्ट, मोजे पॅन्टच्या वर, आणि परत आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे व कानामागचे भाग तपासा. पाण्याची बाटली भरून न्या आणि शाकाहारी असाल तर डबाही, गाडीत ठेवला तरी चालेल. लहान मुलांना घरांपेक्षा जनावरे आवडतात, तेव्हा एका मोठ्या माणसाने त्यांना गोठ्याकडे धरावे आणि दुसऱ्याने जवसाच्या फणीजवळ थांबावे; खिळे खरोखरच तीक्ष्ण असतात.